करंगळीएवढी धार

माझ्या थोरल्या बहिणीच्या एका पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा गच्चीवर जर्दाळू वाळत होते, आणि लोसार, म्हणजे आमच्या नव्या वर्षाचा सण, तोंडावर आला तरी ते माझ्या कोटाच्या आतल्या खिशातच होतं. ते मी एकदाही विसरलो नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं. विसरणाऱ्याला लोक क्षमा करतात. मी रोज उत्तर लिहायला बसायचो आणि रोज कोरा कागद घडी करून उठायचो. चौतीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात इतरांनी लिहिलेलं सांभाळलं की स्वतः लिहिण्याची भीती बसते.

पत्र दिल्लीहून आलं होतं. अचे कुंझेस, म्हणजे माझी ताई, एकोणऐंशी वर्षांची, मी एकाहत्तरचा. नऊ वर्षांपासून ती मुलाकडे, थिनलेसकडे, राहते. तिला ऐकू येत नाही आणि मला मोठ्याने बोलता येत नाही, त्यामुळे टेलिफोनचा आम्हा भावंडांना काही उपयोग नाही. तिची अक्षरं मोठी, एकेक याकसारखं, आणि सुरुवात 'नोनो', म्हणजे धाकट्या भावा, अशी:

"नोनो, या लोसारला मला घरी यायचं आहे. इथे हिवाळा येत नाही, नुसता धूर येतो. थिनलेस म्हणतो, मामाच्या घरात नळ नाही, आणि उकिडवं बसायच्या संडासाला तुझे गुडघे चालणार नाहीत. घरात पाण्याचा नळ आहे आणि खुर्चीसारखा बसायचा संडास आहे, असं मामाने स्वतःच्या हाताने लिहून दिलं तर तो मला विमानात बसवील. तेव्हा लिही. आई गेली त्या स्वयंपाकघरात मला एक हिवाळा काढायचा आहे. पुढचा मिळेलसं वाटत नाही. उत्तर दे."

'उत्तर दे'च्या खाली दोन रेघा.

'नळ आहे' असं लिहिता येत नव्हतं, कारण नळ नव्हता. 'नाही' लिहावं तर ती आलीच नसती, आणि तो कागद मला जन्मभर खिशात बाळगावा लागला असता. म्हणून ठरवलं, आधी नळ, मग उत्तर. विचार सरळ होता. माझे सगळेच विचार सरळ असतात. ते कुठे पोहोचत नाहीत एवढंच.

एरवी हिवाळ्याची माझी तयारी म्हणजे फार काही नसतं. बायको गेल्यापासून मी थंडी सुरू झाली की पाच खोल्यांना कुलूप लावतो आणि स्वयंपाकघरात चुलीशेजारी गादी ओढतो. गच्चीवर शेणी आणि विलोची लाकडं, खिडक्यांना प्लास्टिक, अंगणातल्या खड्ड्यात बटाटे आणि सलगम. मार्चपर्यंत जगायला एवढं पुरतं. जगण्याचं कारण ज्याने त्याने बघावं.

हा बेत मी शेजारच्या आचो गेलेकला, म्हणजे गेलेकदादाला, सांगितला, ही पहिली चूक. गेलेकने तीस वर्षं लष्कराच्या कोठारात पोती सांभाळली, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत असतं आणि ते तो हाळी घालून देतो.

"मोरुप, वेडा झालास? हिवाळ्यात नळ? तुझं नाक गोठतं तिथे नळाचं काय घेऊन बसलास!"

"आपल्या झऱ्याचं पाणी हिवाळ्यातही वाहतं ना," मी म्हटलं.

"झरा वाहतो. पाइप वाहत नाही. पाइप आणि झरा यांत फरक आहे, पुस्तकात नाही का दिला?"

तरी मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात अर्ज घेऊन गेलो. तिथल्या कारकुनाने अर्ज उलटा करून पाहिला, मग सुलटा.

"हिवाळ्यात घरात कोणी राहतं का?"

"मी राहतो."

"पुरावा?"

मी स्वतःकडे बोट दाखवलं.

"बाबा, सप्टेंबरात सगळेच असं बोट दाखवतात. जानेवारीत घराला कुलूप, माणूस जम्मूत उन्हाला, आणि फुटतो आमचा पाइप. गावच्या गोबाचा दाखला आणा."

आमच्याकडे गोबा, म्हणजे गावचा प्रमुख, निवडून येत नाही. वर्षाला एक याप्रमाणे घराघरांतून पाळी फिरते, आणि ती चुकवता येत नाही. त्या वर्षी पाळी माझ्या घरावर आली होती. एका खिशात बहिणीचं पत्र आणि दुसऱ्या खिशात गावाचा शिक्का घेऊन मी कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा बेताने फिरत होतो.

"गोबा मीच आहे," मी म्हटलं.

"काय?"

"गोबा... मीच."

"मोठ्याने बोला हो."

तिसऱ्या वेळी सगळं कार्यालय ऐकायला थांबलं होतं. कोणीतरी हसलं. कारकून मात्र गंभीर झाला. "मग तुम्ही तुम्हालाच दाखला कसा देणार?"

"देणार नाही. बरं दिसणार नाही ते."

"मग मागच्या वर्षीच्या गोबाचा आणा."

मागच्या वर्षीचा गोबा गेलेक. पण दाखल्याला शिक्का लागतो आणि शिक्का माझ्याकडे. म्हणून मी तो त्याला एका दुपारपुरता दिला. गेलेकने तो अकरा दिवस ठेवला. त्याला त्याची फार आठवण येत होती, असं तो म्हणाला. त्या अकरा दिवसांत त्याने बांधाचे दोन तंटे मिटवले, एक नवा लावून दिला, आणि गावाला पुन्हा गोबा मिळाल्यासारखं वाटलं. हे मला तीन निरनिराळ्या लोकांनी सांगितलं. मला बरं वाटेल अशा समजुतीने.

दाखल्यावर त्याने लिहिलं होतं, "मोरुप हिवाळ्यात घरीच असतो. उन्हाळ्यातही घरीच असतो. कुठे जात नाही. कोणाशी बोलत नाही." कारकुनाने तो सगळ्यांना वाचून दाखवला आणि मंजुरीची सही ठोकली. एवढा खरा कागद त्या कार्यालयात बऱ्याच वर्षांत आला नसावा.

तोवर ऑक्टोबर अर्धा सरला होता. बिहारकडचे मिस्त्री एकेक करून घरी निघाले होते. फागू मिस्त्री तेवढा सापडला, पण त्याचं एक पाऊल बसमध्ये.

"बाबूजी, छठपूजेला पोहोचलो नाही तर बायको दारात उभं करणार नाही. जे करायचं ते सहा दिवसांत."

चर किती खोल खणायचा, यावर पहिले दोन दिवस गेले. कार्यालयाच्या पत्रकात तीन फूट होतं. गेलेक म्हणाला, माणूसभर. मी ग्रंथालयातून नळकामाचं एक जाडं पुस्तक आणलं होतं. त्यात लिहिलं होतं की जमीन जिथवर गोठते त्याच्याखाली, आणि सोबतच्या तक्त्यात कुठल्यातरी भलत्याच खंडातली गावं होती. फागूने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि कुदळ खाली टाकली.

"दोन फुटांवर खडक लागलाय. आता तुम्ही दोघे आणि खडक मिळून ठरवा."

खडकाचं मत ग्राह्य धरलं. चर नेमका माझ्या बटाट्यांच्या खड्ड्यावरून गेला, कारण तिथे खूण म्हणून रोवलेली काठी फागूने माप घ्यायला उपटली होती. निम्मे बटाटे त्याच्या कुदळीला सापडले. उरलेले अजून कोणालाच सापडलेले नाहीत.

"दोन फुटांवर पाइप गोठणार," गेलेक म्हणाला. "गुंडाळायला काहीतरी जाड पाहिजे. आणि कागदासारखी ऊब कशात नाही. तुझ्याकडे तो किती आहे बघ."

उन्हाला बसायच्या काचेच्या खोलीत माझे बावीस वर्षांचे मासिकांचे अंक होते, वर्षवार बांधलेले. मी रात्रभर विचार केला, असं लिहायला हवं, पण खरं म्हणजे मी विचार केलाच नाही. नुसता गठ्ठ्यांकडे पाहत बसलो. सकाळी एकेक सोडून पाइपाला गुंडाळू लागलो. गुंडाळताना अंक वाचला जायचा. फागू चराच्या तोंडाशी हात कमरेवर ठेवून उभा.

"बाबूजी, पाइपाला गोष्ट नको आहे. कागद पाहिजे."

बसायचं भांडं बाजारातून जीपने आलं, पण जीप गल्लीच्या तोंडाशी थांबते. तिथून गेलेकने ते पाठीवरच्या टोपल्यात घातलं आणि आम्ही झऱ्यावरून निघालो. पाणी भरणाऱ्या बायकांनी हंडे खाली ठेवले.

"मोरुप-ले, एवढं मोठं पांढरं भांडं! कोणाचं लग्न?"

"लग्न नाही," गेलेकने खणखणीत आवाजात सांगितलं. "मोरुपला आता खुर्चीवर बसून हलकं व्हायचंय."

मी झऱ्याकडे बघत चाललो. झरा फार सुंदर आहे. याआधी तो इतका वेळ मी कधी पाहिला नव्हता.

स्वयंपाकघराला लागून एक कोनाडा होता, तिथे ते बसवलं. त्याचा पहिला आणि शेवटचा नियमित उपयोग गेलेकनेच केला. रोज संध्याकाळी तो त्याचं झाकण लावून त्यावर बसायचा आणि लोणी-मिठाचा चहा पीत मला सल्ले द्यायचा. "उंची छान आहे रे याची," म्हणायचा.

फागू निघाला त्या सकाळी नळाला पाणी आलं. मी हात पुढे केला. पाणी कोमट होतं. झऱ्यातून थेट, जमिनीच्या पोटातलं. माझ्या डोळ्यांना काय झालं ते मी फागूला दिसू दिलं नाही.

"आता एकच ऐका," तो बसकडे पळता पळता म्हणाला. "हा मार्चपर्यंत बंद करायचा नाही. दिवस नाही, रात्र नाही. करंगळीएवढी धार सोडून ठेवा. वाहतं पाणी गोठत नाही. ज्या घटकेला बंद कराल, त्या घटकेला संपलं."

मी नळाच्या वर भिंतीवर एक सूचना लावली. माझ्या घरात मी एकटाच असताना ती कोणासाठी होती, हे विचारू नका. बहिणीसाठी होती. तिचे चार खर्डे केले. कोणाला हुकूम केल्यासारखं वाटू नये, अशी माझी धडपड. शेवटी ती अशी झाली:

"सर्वांस नम्र विनंती. पाणी ही मोलाची वस्तू असून तिचा अपव्यय कोणीही करू नये, हे आपणा सर्वांस ठाऊकच आहे, व ते सांगण्याचा माझा अधिकार नाही. तथापि थंडीच्या काही विशेष परिस्थितीत, क्षमा असावी, परंतु शक्य झाल्यास..." असं पुढे अकरा ओळी. नळ बंद करू नये हे शेवटून दुसऱ्या ओळीत होतं.

आता उत्तर लिहायला हरकत नव्हती. पण नळ सुरू होऊन तीनच दिवस झाले होते. तीन दिवसांच्या नळाला 'आहे' म्हणावं का? एक आठवडा जाऊ दे म्हटलं. आठवड्यानंतर थंडी शून्याखाली पंधरावर गेली. आता या थंडीत टिकतो का बघू म्हटलं. तो टिकला. मग मायना अडला. नऊ वर्षांत एकदाही न लिहिलेल्या बहिणीला 'प्रिय' लिहिलं तर खोटं वाटतं, न लिहिलं तर खरं वाटतं.

लोसारच्या बारा दिवस आधी दारात जीप वाजली. कोणा फौजीच्या बायकोचा हात धरून अचे कुंझेस उतरली. एवढीशी झाली होती. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मला वाटलं मेलास."

"नाही," मी म्हटलं.

"मग उत्तर?"

"लिहितोय," मी ओरडून सांगितलं.

आत येऊन चुलीपाशी टेकल्यावर तिने सगळं सांगितलं. तिने थिनलेसला थाप मारली होती की मामाचं उत्तर आलं, सगळी सोय आहे, पण कागद चुकून रद्दीत गेला. थिनलेस काही कच्चा नाही. विमानतळावर त्याने तिच्या कानात ओरडून बजावलं होतं: मामाला दुसरं लिहायला सांग. तीन आठवड्यांत मामाच्या हातचा कागद माझ्या हातात पडला नाही, तर मी येतो आणि पहिल्या विमानाने तुला परत नेतो.

"तर लिही," ती म्हणाली. "मला इथून हलायचं नाही."

मला जन्मात झाला नव्हता इतका आनंद झाला. कारण या एका वेळी सगळं तयार होतं आणि सगळं खरं होतं. मी तिला नळ दाखवला.

"गळतोय," ती म्हणाली.

"गळत नाही, मुद्दाम सोडलाय."

"थिनलेसकडेही असाच गळतो."

मी पुन्हा ओरडलो, पण माझं ओरडणं म्हणजे दुसऱ्याचं कुजबुजणं. ती भांडं बघायला गेली. त्यावर गेलेक चहा घेऊन बसलेला होता. तो उठून उभा राहिला आणि झाकण पुसून दिलं. उत्तर सकाळी लिहायचं ठरवून मी शांतपणे झोपलो.

मला जाग आली ती शांततेनेच. महिनाभर कानाशी असलेली ती बारीक धार ऐकू येत नव्हती. अचे कुंझेस चुलीत शेणी घालत होती.

"नळ कोणी बंद केला?"

"मी," ती अभिमानाने म्हणाली. "केव्हाचं पाणी वाया चाललं होतं."

यात तिचा काही दोष नाही. आम्ही ज्या घरात वाढलो तिथे पाटाच्या पाण्याची पाळी सात दिवसांतून एकदा यायची. वाडगाभर सांडलं की आईचा हात उठायचा. आमच्यात वाहता नळ बघून जो उठत नाही, त्याच्या संस्कारात काहीतरी राहिलं असं समजावं.

"पण मी भिंतीवर लिहिलंय!"

"तेच तर वाचून केला. अपव्यय कोणीही करू नये. किती छान लिहिलंयस."

"पुढे वाचलंस का?"

"पुढे कोण वाचतं रे तुझं?"

नळ उघडला, त्याने एकदा उचकी दिली. दुपारी अंगणातला चर ठिकठिकाणी फुगला आणि फुटला. गल्लीतली चावी फिरवून पाणी तोडायचं, तर ती फिरवायचा दांडा कार्यालयातल्या ज्या माणसाकडे होता तो जम्मूला गेला होता, उन्हाला. दोन दिवस पाणी अंगणात येत राहिलं आणि येईल तसं गोठत राहिलं. तिसऱ्या दिवशी दारापासून गल्लीपर्यंत काचेसारखा बर्फ. त्यात माझे अंक वर आले होते. दाराशी उभं राहून एक अख्खा अग्रलेख वाचता येत होता. मी वाचला. पूर्वी वाटला होता तितका चांगला नव्हता.

त्याच दिवशी कोनाड्यात बंदुकीसारखा बार झाला. गेलेक कुऱ्हाड घेऊन धावत आला. भांड्याच्या तळातलं पाणी गोठून ते मधोमध उभं तडकलं होतं. गेलेक बराच वेळ डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला.

मग तो अंगणात गेला, टाच आपटून बर्फ तपासला आणि परत आला. गेलेकचं घर आमच्या फासपुनमधलं, म्हणजे एका कुलदेवतेच्या त्या चार घरांतलं. घरात कोणी गेलं की त्याला हात लावायचा तो या चार घरांनीच.

"अचे-ले," तो तिच्या कानाशी ओरडला, "हे अंगण बघून ठेवा. यावरून तुम्हाला उचलून न्यायचं म्हटलं तर आम्ही चौघेही तुमच्या मागोमाग! फेब्रुवारी संपेपर्यंत काही घाई करू नका."

"बघते," ती म्हणाली. "माझ्या हातात असतं तर लोसारलाच जाऊन तुमची फजिती बघितली असती."

दोघेही हसले. मी बाहेर गेलो.

त्या दुपारी मी एकदाचं पत्र लिहिलं. थिनलेसला. "घरात पाणी नाही. संडास फुटला आहे. चूक सर्वस्वी माझी आहे. आईला घेऊन जावे." बिनचूक उतरलं, वाईट बातमी लिहायला मला मायना अडत नाही. मी ते पाकिटात घालत होतो, तेव्हा अचे कुंझेसने हात पुढे करून काढून घेतलं, डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि चुलीत टाकलं.

"मी खोटं लिहिणार नाही," मी म्हटलं.

हे मात्र तिला ऐकू गेलं. "कोणी सांगितलं खोटं लिहायला? त्याने काय विचारलंय? नळ आहे का. आहे की, भिंतीत. बसायची सोय आहे का." ती थांबली. तिने खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्या खुर्चीवर येऊन थांबली.

ती खुर्ची शाळेने मला निवृत्तीच्या दिवशी दिली होती. अक्रोडाच्या लाकडाची, हातांची, पाठीला पितळी पट्टी: "श्री. मोरुप, ग्रंथपाल, यांस चौतीस वर्षांच्या निष्ठावंत सेवेबद्दल." मला आयुष्यात मिळालेली ही एकच वस्तू, जिच्यावर माझं नाव कोरलेलं आहे. मीही तिच्यावर क्वचित बसायचो.

"ती नको," मी म्हटलं.

तिला ऐकू आलं नाही. किंवा आलं.

गेलेक करवत घेऊन आला. "मी कापू?"

"नको," मी म्हटलं. "माझ्या हाताने होऊ दे."

बैठकीत मी गोल भोक पाडलं. कडा काचपेपरने घासल्या, मग कापड लावून शिवल्या, कारण लाकूड थंड लागतं. गेलेकने ती वरच्या मजल्यावरच्या जुन्या, पाण्याऐवजी माती टाकायच्या संडासात भोकावर नेऊन ठेवली आणि चारी पाय मातीत रोवले. अचे कुंझेस माझ्या हाताला धरून जिना चढली. दहा पायऱ्यांना पाव तास. दार लोटून घेतलं. मी बाहेर पाठ करून उभा होतो.

"नोनो," आतून आवाज आला, "या पट्टीवर काय लिहिलंय? पाठीला टोचतेय."

"काही नाही," मी ओरडलो. "नाव आहे."

"कोणाचं?"



लोसार झाला. गच्चीवर दिवे लावले, मीठ-चहात सातू कालवला, आणि आईच्या जागी बसून ती दिवसभर भिंतीकडे बघत राहिली. मी रोज झऱ्यावरून दोन डबे पाणी आणतो. अंगणातून नेताना माझे जुने अंक पायाखाली असतात. एकदा तिने विचारलं, "मार्चमध्ये थिनलेस न्यायला येईल, नाही?"

"येईल."

"मी नसले तर न्यायला कोणाला येईल? उगाच विमानाची खेप." आणि सलगम सोलत राहिली.

ती आल्याच्या चौदाव्या दिवशी मी कोटाच्या खिशातून तिचं पत्र काढलं. उत्तर थिनलेसला लिहायचं नाही, हे तोवर कळलं होतं. पत्र तिचं होतं, उत्तर तिलाच द्यायला हवं. दिल्लीच्या पत्त्यावर, तिच्या नावाने. फोडील तो. एका बैठकीत लिहिलं, खर्डा न करता.

"अचे, तू ये. घरात नळ आहे. खुर्चीसारखी बसायची सोय आहे, खुर्ची चांगली आहे. पाणी रोज ताजं येतं आणि कोमट असतं. तुझी गादी आईच्या जागी घातली आहे. इथे कोणाला तुझा त्रास नाही. तुझा, नोनो."

तिला दाखवलं. तिने शेवटपर्यंत वाचलं. "हे लवकर पाठवायचंस," म्हणाली, आणि डोळे मिटून पडून राहिली.

मी बर्फावरून बसत, घसरत, एकदा सरळ रांगत बाजारात गेलो. पोस्टातली मुलगी पद्मा, मला आजोबा म्हणणारी आणि माझ्याकडून पुस्तकं नेऊन परत न करणारी, पत्ता वाचून थबकली.

"मेमे-ले, अचे-ले तर तुमच्याकडेच आहेत ना?"

"हो."

"मग त्यांना दिल्लीला पत्र?"

"उत्तर राहिलं होतं," मी म्हटलं.

तिने शिक्का मारायला हात पुढे केला. मी नको म्हटलं. मला ते स्वतःच्या हाताने पेटीत टाकायचं होतं. बाहेरच्या पेटीच्या तोंडावर बर्फ धरला होता. तो बोटाने फोडला आणि पाकीट आत सोडलं. आवाज एवढासाच आला. पत्र मधेच कुठे अडलं तर नाही ना, म्हणून मी थोडा वेळ कान लावून उभा राहिलो.